उणे सतरा क्विंटल मासे

साकोलीच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या धनंजय राहांगडाले सरांची एकोणीस वर्षांची अब्रू फेब्रुवारीतल्या एका सोमवारी, एका पानाच्या पत्रानं धोक्यात आणली. पत्र विद्यापीठाचं होतं. एम.ए.च्या अर्थमिती या विषयाला चालू सत्रापासून प्रात्यक्षिक परीक्षा राहील, ती संगणकावर होईल, विद्यार्थ्यांनी खऱ्या आकडेवारीवर रिग्रेशन चालवून योग्य मॉडेल निवडून दाखवायचं, आणि हे सगळं तपासायला एप्रिलच्या मध्यात नागपूरहून बाह्य परीक्षक येतील, असा मजकूर होता.

रिग्रेशन म्हणजे तसं काही भुताखेताचं प्रकरण नाही. एखाद्या गोष्टीवर इतर कोणकोणत्या गोष्टींचा किती परिणाम होतो, ते मागच्या आकड्यांवरून काढायचं, एवढंच. सर ते एकोणीस वर्षं शिकवत होते. फळ्यावर त्यांची सिद्धता इतकी सुबक उतरे की मुलं मोबाईलमध्ये फोटो काढून घेत. फक्त एक बारीकशी गोष्ट कोणाला ठाऊक नव्हती. सरांनी स्वतः आयुष्यात एकही रिग्रेशन चालवलेलं नव्हतं. पोहण्यावर एकोणीस वर्षं व्याख्यानं दिलेल्या माणसाला आता गावासमोर पाण्यात उतरायचं होतं.

कर्तव्य म्हणून त्यांनी प्राचार्यांना गाठलं.

"सर, लॅबमध्ये एक सॉफ्टवेअर टाकावं लागते."

"नाव?" प्राचार्यांनी पेन उघडलं.

"आर."

"पुढं?"

"पुढं काही नाही. आर एवढंच नाव आहे."

"राहांगडाले, अर्जावर असं एकच अक्षर पाहून बाबू म्हणेल, टायपिस्ट मधातच चहा प्यायला गेला. बरं, केवढ्याचं आहे?"

"फुकट आहे सर."

प्राचार्यांनी पेन बंद केलं. चेहऱ्यावर संशय पसरला. "फुकट? कॉलेजात वस्तू येते तर ती खरेदी असते, नाहीतर देणगी. देणगी असेल तर दात्याचं पत्र आणा. खरेदी असेल तर तीन कोटेशन."

"शून्य रुपयांचे?"

"शून्य तर शून्य. पण तीन पाहिजेत."

सरांनी साकोलीतली तीन दुकानं पालथी घातली. पहिल्या दुकानदारानं चेष्टा समजून हाकललं, मग ओळख काढल्यावर दिलं. दुसऱ्यानं शून्यावर अठरा टक्के जीएसटी लावून, खाली 'एकूण शून्य' लिहून, शिक्का मारून दिला. तिन्ही कोटेशनं खरेदी समितीपुढे गेली आणि तिथेच बसली. कारण नियमाप्रमाणे सगळ्यात कमी दराचं कोटेशन मंजूर करायचं होतं, आणि तीन शून्यांमधलं सगळ्यात कमी शून्य कोणतं यावर समितीत एकमत होईना.

शेवटी सरांनी लॉकडाऊनमध्ये घेतलेला घरचा लॅपटॉप काढला. अंगणात जांभळाखाली खुर्ची टाकली. सॉफ्टवेअर उतरवलं, उघडलं. समोर कोरा पडदा आणि त्यावर एक उभी रेघ. लुकलुक, लुकलुक. सरांनी पुस्तकात बघून एक ओळ टाइप केली. पडद्यावर लाल अक्षरांत काहीतरी आलं. त्यांनी ती ओळ पुन्हा टाइप केली. पुन्हा लाल. एक कंस लावायचा राहिला होता, हे कळायला त्यांना दोन दिवस लागले. या दोन दिवसांत त्यांची बायको शकुन दोनदा विचारून गेली, "काहून हो, कोणाशी भांडून राहिले?"

कंपाउंडच्या भिंतीपलीकडे केशवराव राहत. पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालेले. निवृत्त माणसाजवळ दोन गोष्टी मुबलक असतात, वेळ आणि सल्ला. केशवरावांनी भिंतीवर दोन्ही कोपरं टेकवली, म्हणजे दोन्ही वस्तू एकदमच पुरवता याव्यात.

"सर, आकडे कशाचे घेतले?"

"पुस्तकातले. अमेरिकेतल्या मोटारींचे."

"साकोलीत बसून अमेरिकेच्या मोटारी काहून हाकता? इथलं काही घ्या ना."

सल्ला बरा होता. बरा सल्ला हा सगळ्यात धोकादायक, कारण त्यानंतरचे सगळे ऐकावे लागतात.

दुसऱ्या दिवशी सरांनी वर्गात विचारलं. नऊ विद्यार्थ्यांपैकी आठांनी मान खाली घातली. खुशबू मारबते मात्र उठून उभी राहिली. ती कोसमटोल्याची, तलावात मासेमारी करणाऱ्या ढीवराच्या घरची. घराण्यात कॉलेजपर्यंत आलेली पहिलीच. "सर, माझे बाबा आमच्या मच्छीमार सोसायटीचे सचिव आहेत. तेरा वर्षांचं रजिस्टर आहे त्यांच्याजवळ. किती बीज टाकलं, किती मासा निघाला, सगळं."

रजिस्टर आलं. खुशबूचे वडील केवळराम यांचं अक्षर टपोरं. दर वर्षीचा पाऊस, तलावात सोडलेलं मत्स्यबीज, संक्रांतीला घाटाच्या किती पायऱ्या पाण्याबाहेर होत्या तेही, आणि एप्रिलमधल्या मोठ्या जाळ्याला निघालेला मासा. कमीत कमी एकोणीस क्विंटल, जास्तीत जास्त पंचेचाळीस. सरांना ते पाहून गहिवरून आलं. एवढी स्वच्छ आकडेवारी त्यांनी सरकारी अहवालातही पाहिली नव्हती.

त्यांनी मासे एका बाजूला घेतले, पाऊस दुसऱ्या बाजूला, आणि जीव मुठीत धरून कळ दाबली. लाल काही आलं नाही. आकडे आले. त्यात 'आर-स्क्वेअर' म्हणून एक आकडा असतो. माशांमधला चढउतार आपल्या मॉडेलनं शेकडा किती समजावून सांगितला, ते तो दाखवतो.

"किती आले?" भिंतीवरून.

"पॉइंट एकतीस. म्हणजे एकतीस टक्के."

केशवरावांनी जीभ चुकचुकवली. "नापास. पस्तीसले पास असते सर."

"हे मार्क नाहीत केशवराव."

"शंभरपैकी आहेत ना? मग मार्कच झाले."

शकुन चहा घेऊन आली होती. "चार ग्रेस नाही का भेटत?" तिनं काळजीनं विचारलं.

सर हसले, पण ते मनाला लागलं. आयुष्यभर फर्स्ट क्लासमध्ये पास झालेला माणूस. त्यांनी बीजाचा आकडा घातला, चव्वेचाळीस झाले. पायऱ्या घातल्या, एकोणसाठ.

"सेकंड क्लास," केशवराव म्हणाले. "अजून थोडा अभ्यास पाहिजे."

इथं थांबायला हवं होतं. पण परीक्षक नागपूरचा, आणि नागपूरच्या माणसासमोर एकोणसाठ टक्क्यांचा मासा ठेवायचा, या विचारानं सरांची झोप उडाली. त्यात एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली होती, ती मोठी घातक. कोणताही नवा आकडा घाला, मार्क वाढतातच. कमी कधी होत नाहीत.

मग काय विचारता. केशवराव म्हणाले, मे अखेरच्या नऊ दिवसांचं, नवतपाचं ऊन घाला. जेवढी जमीन तापते तेवढा पुढं पाऊस पडते. घातलं. शकुन म्हणाली, बाजारात वांगी महागली की लोक मासोळीवर येतात, वांग्याचा भाव घाला. घातला. तिनंच सुचवलं की गावातली लग्नंही मोजा, लग्नाचं पाणी ओढतात लोक तलावातून. सरांनी लग्नाला मांडव-सतरंज्या भाड्यानं देणाऱ्या कोसमटोल्याच्या बिछायतवाल्याकडून तेरा वर्षांच्या लग्नांचा हिशेब आणला. बिछायतवाला तीन दिवस सरांना आयकराचा माणूस समजत होता. मग बोअरवेल आल्या. वीज गेलेले दिवस आले. निवडणुकीचं वर्ष आलं, अधिकमास आला. शेवटी तर सरांनी कॉलेजात किती प्रवेश झाले तोही आकडा घातला. तलावातल्या रोहूला त्याची माहिती असण्याचं काही कारण नव्हतं, पण तो आकडा हाताशी होता.

अकरा कारणं झाली. सरांनी कळ दाबली.

पॉइंट पंच्याण्णव.

"डिस्टिंक्शन!" केशवराव भिंतीवरून ओरडले. शकुननं देवापुढे साखर ठेवली. महिनाभरानं सर त्या रात्री नीट झोपले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ते वर्गात दाखवलं. आठ मुलांनी फोटो काढला. खुशबूनं फोटो काढला नाही, प्रश्न विचारला. "सर, मग यंदा किती मासा निघेल, तेही सांगेल का हे?"

सरांना नाही म्हणता आलं असतं. पण पंच्याण्णव टक्के मिळवलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही. त्यांनी यंदाचे अकरा आकडे भरले. पडद्यावर आलं, चौऱ्याण्णव.

"क्विंटल?" खुशबूचे डोळे विस्फारले. "सर, आमच्या तलावात कधी पंचेचाळीसच्या वर गेला नाही."

"मॉडेल सांगून राहिलं," सर म्हणाले. आवाज त्यांचा होता, पण त्यात आत कुठंतरी एक पायरी निखळल्यासारखं वाटलं. यावेळी खुशबूनं फोटो काढला.

आठवड्यानं केवळरामांचा फोन आला. माणूस इतका अदबीनं बोलणारा की सर खुर्चीतून उठून उभे राहिले.

"सर, नमस्कार जी. मी केवळराम, खुशबूचा बाबा. तुमचा आकडा मीनं सोसायटीत वाचून दाखवला. लय टाळ्या पडल्या. चार एप्रिलले जाळ टाकून राहिलो. नागपूरच्या व्यापाऱ्याले सांगून देल्लं, अंशी क्विंटल आमचा पक्का. तो तं दुसरी गाडी अन् बरफ धाडून राहिला. सिहोऱ्याहून, बपेऱ्याहून सोयरे येऊन राहिले जाळ ओढाले, आपले माणसं पुरत नाही ना जी."

"केवळरामजी, आकडा थोडा इकडेतिकडे होऊ शकते बरं."

"होऊ द्या ना जी! चौऱ्याण्णवचे नव्वद झाले तरी चालते."

त्या दिवसापासून सरांना घास उतरेना. आपण चुकलो आहोत असं नक्की म्हणता येत नव्हतं. मॉडेलला पंच्याण्णव मार्क होते. आणि आपण बरोबर आहोत असंही म्हणवत नव्हतं, कारण चौऱ्याण्णव क्विंटल मासा त्या तलावात उभा राहिला तर पाण्याला जागा उरणार नाही. ते रस्त्यानं जाताना बर्फाची गाडी दिसली की मान वळवायचे. शकुननं दोनदा रोहू आणली. दोन्ही वेळा सरांनी ताटातल्या तुकड्याकडे असं बघितलं, की जणू तो साक्षीदार आहे.

चार एप्रिलला तीन दिवस उरले, तेव्हा रविवारी दुपारी त्यांनी मॉडेलचा एकेक आकडा नीट वाचायला घेतला. मॉडेलचं म्हणणं असं होतं: गावात एक लग्न लागलं की तलावात पावणेदोन क्विंटल मासा वाढतो. कॉलेजात एक प्रवेश झाला की अकरा किलो कमी होतो. वांगी किलोमागे एक रुपयानं चढली तर मासा दोन क्विंटल वधारतो. यंदा कोसमटोल्यात एकवीस लग्नं लागली होती, कधी नव्हे एवढी. वांगीही कडाडली होती. चौऱ्याण्णव क्विंटलांतले बरेचसे मासे नवरदेवांनी आणि वांग्यांनी मिळून घातलेले होते.

त्यांनी पुस्तकातलं मॉडेल निवडीचं प्रकरण काढलं. हे प्रकरण ते दरवर्षी शिकवत. 'निरीक्षणं थोडी आणि कारणं फार असली, तर मॉडेल नियम शिकत नाही, मागचे आकडे पाठ करते,' हे वाक्य ते दरवर्षी मुलांना लिहून देत. एकोणीस वेळा दिलेलं वाक्य त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. फाजील कारणांचा दंड कापून घेऊन मार्क देणारा 'ॲडजस्टेड' आकडा त्याच पडद्यावर, आर-स्क्वेअरच्या शेजारीच होता. सरांनी आजवर तिकडे बघितलंच नव्हतं. तिथं पंच्याण्णवाचे चाळीस झाले होते.

पुस्तकात आणखी एक परीक्षा दिली होती. एक वर्ष लपवून ठेवा, बाकीच्यांवर मॉडेल चालवा, आणि लपवलेलं वर्ष ओळखता येतं का बघा. सरांनी मागचं वर्ष लपवलं. त्या वर्षी खरा मासा निघाला होता तेहेतीस क्विंटल. कळ दाबली. मार्क आले पूर्ण शंभर. सरांचा जीव भांड्यात पडतो न पडतो, तोच खाली उत्तर आलं.

उणे सतरा.

शकुननं येऊन पडद्यात डोकावलं. "उणे सतरा म्हणजे काय हो?"

"म्हणजे," सर खोल आवाजात म्हणाले, "ढीवरांनी जाळं टाकायचं, रिकामं ओढायचं, अन् वरून घरचे सतरा क्विंटल मासे तलावात नेऊन टाकायचे."

शकुन हसणार होती. त्यांचा चेहरा पाहून थांबली. "मग त्यांना सांगा ना."

"उद्या सांगतो."

"व्यापाऱ्यानं गाडी काढल्यावर?"

सरांनी फोन लावला. केवळरामांचा फोन संपर्कक्षेत्राबाहेर होता. पुन्हा लावला. खरं सांगायचं तर प्रत्येक वेळी फोन न लागल्यावर सरांना क्षणभर बरंच वाटत होतं, आणि त्या बरं वाटण्याची लाजही वाटत होती. मग त्यांनी बसून सगळं पुन्हा केलं. एकेक कारण काढत गेले. लग्नं काढली, वांगी काढली, अधिकमास काढला. शेवटी पाऊसही काढला, तर दंड कापलेला आकडा उलट वाढला. उरली दोन कारणं, बीज आणि संक्रांतीच्या पायऱ्या. साधे मार्क अठ्ठावन्न, दंड कापून पन्नास. यापेक्षा चांगलं मॉडेल त्या रजिस्टरमधून निघत नव्हतं.

सोमवारी सकाळी ते स्कूटर काढत होते, तर केशवराव पॅन्ट-शर्ट घालून फाटकात उभे. "मी येतो. नवतपा मीच सांगितला होता." सरांना त्या क्षणी त्यांच्याविषयी माया दाटून आली. ती पहिल्या खड्ड्यापर्यंत टिकली, कारण त्यानंतर केशवराव मागून कसं बोलावं याचे सल्ले देत राहिले.

कोसमटोल्याच्या तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, जाळी पसरलेली होती. माणसं वीण तपासत बसली होती. सरांना पाहताच सगळे उठले. सरांनी तोंड उघडायच्या आत कोणीतरी सतरंजी अंथरली, कोणीतरी नारळ आणला, आणि केवळरामांनी सरांच्या खांद्यावर शाल टाकली.

"आमच्या तलावाचं भविष्य काढणारे सर!" केवळराम म्हणाले. टाळ्या वाजल्या. खुशबू बायांच्या घोळक्यात उभी होती. मान ताठ, चेहरा फुललेला. आपले गुरुजी आपल्या गावात आले होते.

सरांनी शाल उतरवली, घडी केली, तिच्यावर नारळ ठेवला आणि दोन्ही केवळरामांच्या पुढे धरलं.

"केवळरामजी, आकडा चुकला. चौऱ्याण्णव नाही निघणार. मी ज्या रीतीनं काढला, ती रीतच चुकीची होती. रजिस्टर तुमचं बरोबर आहे. चूक माझी आहे."

पाण्यात एका पाणकोंबडीनं बुडी मारली, तिचाही आवाज आला. खुशबूची मान खाली गेली. त्याच मानेकडे बघवेना म्हणून सर तलावाकडे बघत राहिले.

"सर," केवळराम हळू म्हणाले, "मीनं आपल्या तोंडानं शब्द देल्ला त्या व्यापाऱ्याले. तेरा वर्ष झाले, माझा शब्द कधी खाली नाही गेला जी."

ते ओरडले असते तर सरांना सोपं गेलं असतं.

"त्यांचा नंबर लावा. मी बोलतो."

"तुमी कायले?"

"आकडा माझा होता."

फोन लागला. सरांनी उभ्या-उभ्या सगळं सांगितलं: ऐंशी नाही, तीसच क्विंटल धरा, दुसरी गाडी अन् बर्फ थांबवा, सोसायटीचा यात दोष नाही. पलीकडून व्यापाऱ्याचा आवाज साऱ्या पारीला ऐकू आला. "तुम्ही कोण बोलून राहिले?"

"मी अर्थशास्त्राचा प्राध्यापक आहे."

"तरीच!" व्यापारी म्हणाला. "आज सांगितलं म्हणून वाचलो. परवा सांगितलं असतं तर बरफाच्या लादीवर तुम्हालेच बसवलं असतं." मग केवळरामांना द्या म्हणाला, आणि केवळरामांशी बोलताना त्याचा आवाज उतरला. पहिली गाडी येणार होती.

जाळ्यापाशी बसलेली एक म्हातारी इतका वेळ गाठी मारत होती. मनकर्णाबाई, पारीवरची सगळ्यात जुनी जाळं विणणारी. तिनं मान वर केली. "मंग गुरुजी, आता किती म्हणते तुमची मशीन?"

सरांनी खिशातून कागद काढला. आता खरं तेच बोलायचं होतं, अंदाज आणि त्याची हद्द, दोन्ही. "एकतीसच्या आसपास. पण नक्की नाही. सोळा ते सेहेचाळीसच्या मधात कुठंही."

मनकर्णाबाईनं डोळे बारीक केले. "तेरा वर्षांत सोळाच्या खाली कधी गेला नाही. सेहेचाळीसच्या वरबी नाही. म्हंजे तुमची मशीन म्हणते, यंदाबी मासेच निघतीन."

पहिल्यांदा एक तरुण फिसकला. मग सगळी पार हसायला लागली. केवळरामही हसले, न हसण्याचा प्रयत्न करत. केशवराव तर गुडघ्यावर थापा मारून हसले, आणि सरांना आठवलं की परत जाताना हा माणूस मागे बसणार आहे.

चार तारखेला सर सकाळपासून काट्याजवळ उभे होते. कोणी बोलावलं नव्हतं. जाळं दोन्ही बाजूंनी ओढलं जात होतं, सोयऱ्यांच्या आरोळ्या, पाण्यावर चांदी उसळत होती. पहिली टोपली, दुसरी, दहावी. सोळा पार झाले तेव्हा सरांनी श्वास सोडला. तीस पार झाले तेव्हा त्यांना भलतीच नवी भीती वाटायला लागली, की आता सेहेचाळीसही पार होतात की काय. शेवटचा काटा उतरला: तेहेतीस क्विंटल ऐंशी किलो. व्यापाऱ्याचे तीस भरून गेले, उरलेला मासा गावात आणि साकोलीच्या बाजारात गेला. केवळरामांनी रजिस्टर उघडलं, पेन खुशबूच्या हातात दिलं आणि सरांकडे न बघता म्हणाले, "सर, चहा घेऊन जा जी." सरांना तो चहा शालीपेक्षा भारी वाटला.

पण परीक्षक यायचा होताच.

डॉ. भोजराज कापगते पंधरा तारखेला आले. उंच, कमी बोलणारे, कपाळावर कायमची आठी. लॅबमध्ये सॉफ्टवेअर अर्थातच नव्हतं. समितीनं तीन शून्यांचा विषय पुढच्या बैठकीवर टाकला होता. तीन लॅपटॉपवर नऊ मुलं बसवली. सर दाराशी उभे राहिले, आत जावं की नको, असे.

खुशबूची पाळी आली. तिनं दोन्ही मॉडेलं उघडली.

"पंच्याण्णव सोडून अठ्ठावन्नवालं घेतलं?" डॉक्टरांनी विचारलं. "काहून?"

सांगेल का ही? कॉलेजचं नाव, आपलं नाव...

"सर, पंच्याण्णवनं आम्हाला फसवलं होतं," खुशबू म्हणाली. आणि तिनं सगळं सांगितलं, लग्नं, वांगी, बर्फाची गाडी. फक्त 'आमच्या सरांनी' कुठं म्हटलं नाही, 'आम्ही' म्हटलं. मग एक वर्ष लपवून उणे सतरा काढून दाखवले.

डॉक्टरांची आठी खोल गेली. "तेरा वर्षं अन् अकरा कारणं," ते स्वतःशीच म्हणाले. वही मिटली आणि उठले. "राहांगडाले सर, जरा बाहेर या."

सर व्हरांड्यातल्या खांबापाशी येऊन थांबले. एकोणीस वर्षं या खांबापाशी त्यांनी इतरांना बोलणी ऐकवली होती.

"ते वर्ष लपवायचं तुम्ही शिकवलं?"

"हो. म्हणजे मला स्वतःला दोन आठवड्यांपूर्वी कळलं," सर म्हणाले. आता लपवायला काही उरलं नव्हतं. "तो मोठा आकडा मीच काढला होता. गावाला दिला होता."

डॉक्टरांनी आजूबाजूला बघून आवाज खाली आणला. "माझी पीएचडी संत्र्याच्या उत्पादनावर आहे. चौदा वर्षांचे आकडे. बारा कारणं. अठ्ठ्याण्णव टक्के."

"कोणी काही म्हटलं नाही?"

"अभिनंदन म्हटलं." त्यांनी खिशातून पेन ड्राइव्ह काढला. हातात फिरवत राहिले. "त्या पोरीला म्हणा, परीक्षा झाली तुझी, मार्क भेटले. पण हे एकदा लावून बघ म्हणा. शेवटचं वर्ष लपवून."

खुशबूनं पेन ड्राइव्ह लावला. डॉक्टर तिच्या मागे उभे, त्यांच्या मागे सर. डॉक्टरांचे दोन्ही हात पाठीमागे घट्ट गुंफलेले होते, आणि सरांना त्या हातांकडे बघून कसंसंच झालं; इतके दिवस जी धडधड आपली एकट्याची वाटत होती, ती समोरच्या कोटाआड स्पष्ट दिसत होती. खुशबूनं एक ओळ टाइप केली, कंस तपासला आणि कळ दाबली.

उणे चार लाख टन.

डॉक्टरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, पुन्हा लावला आणि पडदा पुन्हा वाचला.

"चला," ते शेवटी म्हणाले, "तुमचे मासे तरी बरे."